पडद्यावरच्या पदव्या

मद्रासच्या टीव्ही स्टुडिओत मी एकदा पाहुणा म्हणून गेलो होतो. थेट प्रक्षेपणात पडद्यावर नावाच्या पट्ट्या टाकणारे एक तंजावरी मराठी गृहस्थ तिथे बसले होते. कपाळाला गोपीचंदन, बोट कायम बटणावर.

त्या दिवशी भाषणाला आलेल्या एका मंत्र्यांच्या सचिवाने त्यांना दरडावलं, "साहेबांच्या सगळ्या पदव्या भाषणभर दिसल्या पाहिजेत. नाहीतर बदली!"

गृहस्थांनी निमूटपणे सगळ्या टाकल्या. पट्टी चार ओळींची झाली आणि मंत्र्यांच्या नाकापर्यंत चढली.

निर्माता ओरडला, "अहो, तोंड झाकलंय!"

"तोंडाबद्दल हुकूम नाही, सार," ते चष्मा पुसत म्हणाले.

मला त्यांच्या नोकरीची धास्ती वाटली. भाषण संपताच मंत्री स्वतः आत आले.

"फारच छान! घरून फोन आला. सगळ्या पदव्या नीट वाचता आल्या."

ते भाषणात काय बोलले, हे मलाही आठवत नाही.