एक दिवसाचा ब्रेक

"छुट्टी परमानेंट वालों की होती है. तुम लोगों का ब्रेक होता है."

ऑफिसातले बडे बाबू हे सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. माझा अर्ज त्यांनी वाचलाही नव्हता. आईच्या छातीतली गाठ काढायची होती. सोमवारी ऑपरेशन. मला दहा दिवस हवे होते. घरात आई आणि मी, तिसरं माणूस नाही. बाबूंनी एका बोटाने अर्ज माझ्याकडे सरकवला. बाकीचे हसले. त्यात रेखाही होती.

लखनौतल्या एका संशोधन संस्थेत मी उंदीर सांभाळते. औषधं तपासायला लागतात ते पांढरे उंदीर. वडील अकोल्याकडचे, फौजेत होते. इथेच रिटायर झाले, इथेच गेले. मी ठेक्यावर लागले त्याला नऊ वर्षं झाली. रेखा माझ्यानंतर चार वर्षांनी आली, पण परमनंट. उंदीर शेपटीला कसा धरायचा हे तिला मी शिकवलं. पहिल्या दिवशी किंचाळली होती.

त्याच रेखाने मुलीच्या बारावीसाठी दोन महिने रजा घेतली. भरपगारी. मुलगी ठणठणीत. "बेटी को टाइम पे दूध-बादाम देना पड़ता है यार." परत आली तेव्हा चेहऱ्यावर तकाकी. खोटं कशाला बोलू? मी जळून खाक झाले. तिचा पगार मला कधी इतका सलला नव्हता. तिच्या मुलीची परीक्षा हे कारण होतं, माझ्या आईची गाठ हे कारण नव्हतं. पोरगी नापास व्हावी असंही एकदा मनात आलं. लाज वाटली. पण आलं.

आणि आमचा ब्रेक म्हणजे काय? दर अकरा महिन्यांनी एका कागदावर सही करायची, की मी स्वखुशीने काम सोडते. एक दिवस घरी बसायचं. दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर. रजेला सलग नोकरी लागते, आणि कागदावर माझी नोकरी कधी वर्षाची होतच नाही. नऊ वर्षं राबून मी नवीनच.

त्या एका दिवशीही फोन यायचा. आमच्या विभागाच्या मॅडम पुण्याच्या. "अगं, ब्रेक तुला आहे, उंदरांना नाही. येऊन जा ना पटकन." मी आलमबागहून मेट्रोने धावत जायची. पिंजरे साफ करायची, पाणी बदलायची, हजेरीवर सही न करता परत यायची. बाई आपल्या भाषेत बोलते, एवढ्यावरच मी खूश. असला माझा गाढवपणा.

तोच अर्ज घेऊन मी मॅडमकडे गेले. त्यांनी चहा मागवला.

"आपली माणसं म्हणून सांगते. ब्रेक आत्ताच घेऊन टाक. आईचं सगळं निवांत कर. मग बघू, तुला पुन्हा कामावर घेता येतं का."

कागद तयार होता. माझं नाव टाइप केलेलं. पेनसुद्धा पुढे केलं त्यांनी. मी हातात घेतलं. मग माझ्या मनात आलं, रेखाला कोणी कधी 'मग बघू' म्हटलंय का? डोकं तापलं. पेन खाली ठेवलं.

"मॅडम, मी काम सोडत नाहीये. रजा मागतेय."

"अगं, पण तुला रजा लागूच होत नाही."

"मग तसं लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं नाही. मी अर्जात एक ओळ वाढवली: ब्रेकच्या प्रत्येक दिवशीही मी कामावर होते, म्हणजे माझी नोकरी सलग आहे. आवक खिडकीवर तो दिला, शिक्का मारून पोच घेतली आणि सोमवारी आईजवळ गेले.

ऑपरेशन झालं. गाठीचा रिपोर्ट यायचाय. मी वॉर्डात आईजवळ आहे आणि ऑफिसात गैरहजर. काल रेखाचा फोन आला. "साइन कर दे यार, क्यों अड़ी है?" मी विचारलं, "तू करती?" तिने आईची तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

तिचा हेवा मला अजून वाटतो. वाटू दे. तिची रजा कोणी काढून घ्यावी असं मी म्हणत नाही, तशीच मलाही हवी आहे. ठेक्यावरच्या आणखी दोघींनी आपापल्या ब्रेकच्या तारखा मला लिहून पाठवल्यात. दहा दिवस संपले की मी कामावर जाणार. गेटवर अडवलं तर तिथून थेट लेबर ऑफिसात. स्वखुशीने सोडलं, असं मी पुन्हा लिहून देणार नाही. काढायचंच असेल तर त्यांनी मला काढावं, आणि खाली स्वतःची सही करावी.