सलीमचा तिसरा रिपोर्ट

सलीम मिस्त्रीचा मृत्यू मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास झाला. वणीत, चंद्रपूर रोडवरच्या त्याच्या स्वतःच्या गॅरेजमध्ये. कोळशाच्या ट्रकखाली काम करत असताना जॅक सरकला. वय एक्केचाळीस. मागे आई आणि पत्नी नसीम. मूल नाही. ही चार ओळींची बातमी मीच पाठवली. पोलिसांकडून आणि सरकारी दवाखान्यातून खातरजमा करून घेतली होती. तो माझा वीस वर्षांचा मित्र होता, याला त्या ओळींत जागा नव्हती. आता सात आठवडे झाले.

त्याआधीची काही वर्षं कापसासाठी वाईट होती, शेतकरी जीव देत होते आणि वर्तमानपत्राला मृत्यूच्या बातम्या देणं हेच माझं रोजचं काम झालं होतं. नाव, वय, गाव, वेळ. एकाने सांगितलेलं दुसऱ्याकडून तपासल्याशिवाय मी ओळ पुढे सरकवत नसे. महिन्यातून एकदा बैठकीसाठी नागपूरला जावं लागे. आदल्या संध्याकाळी सलीम ग्रीसने माखलेल्या हातांनी माझ्या खिशात एक चिठ्ठी कोंबायचा. "पत्रकार, माह्या सुया विसरू नको."

लग्नाला सहा वर्षं होऊनही मूल नव्हतं, तेव्हा त्याची तपासणी झाली होती. शुक्राणूंची संख्या कमी निघाली. कमी होती, शून्य नव्हती. अशक्तपणाही होता. एका डॉक्टरांनी पुरुष संप्रेरकाच्या सहा सुया लिहून दिल्या आणि नंतर पुन्हा दाखवायला सांगितलं. सलीम पुन्हा गेलाच नाही, कारण सुया लागू पडल्या अशी त्याची खात्री झाली होती. दंड भरले, दाढी दाट झाली, ट्रकचं चाक तो एकटा उचलू लागला. ड्रायव्हर चिडवायचे, "मिस्त्री, जॅक कायले ठेवता आता? तुम्हीच उचला ना गाडी!" तो म्हणायचा, "पोरगं होऊ दे, मग तुह्यासकट उचलतो."

सहा सुयांच्या त्या चिठ्ठीवर मी चार वर्षं औषध आणलं. दुकानदाराने काही विचारलं नाही. मीही कुणा डॉक्टरला विचारलं नाही. रिकाम्या कुप्या सलीम धुऊन ठेवायचा आणि त्यांत बेअरिंगचे बारीक छर्रे भरायचा. गॅरेजच्या फळीवर त्यांची रांग लागली होती.

या चार वर्षांत गोळ्या आणि काढे नसीमभाभीने घेतले, ताविजही तिनेच बांधले. अम्मी माझ्यादेखत म्हणायच्या, "मेरे बेटे में क्या कमी है? देखो तो, पहाड़ हो गया." भाभी चहाचा कप ठेवून आत जायची. शेवटी तिनेच सलीमला सांगितलं, "माझं सगळं तपासून झालं. आता तुमचं पुन्हा तपासू."

सलीम आणि मी नागपूरला गेलो. रिपोर्टात शून्य आलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याला आत नेऊन तपासलं आणि बाहेर येऊन विचारलं, कसल्या सुया घेता? चिठ्ठी माझ्या खिशात होती. मी ती टेबलावर ठेवली. ते शांतपणे सांगत होते. वृषणांना कामाला लावणारा निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या ग्रंथीतून जातो. संप्रेरक बाहेरून मिळत राहिलं, की रक्तात ते पुरेसं आहे असं मेंदू समजतो आणि निरोप थांबतो. मग वृषणं आपलं संप्रेरक बनवत नाहीत, शुक्राणूही बनवत नाहीत आणि आकाराने आक्रसत जातात. सगळ्याच सस्तन प्राण्यांत असं होतं, ते म्हणाले. सुया बंद करा. काम पुन्हा सुरू होईल… सहा महिन्यांत, वर्षात. कदाचित नाही.

परतीच्या वाटेवर जाम गावच्या थांब्यावर चहा घेताना सलीम पहिल्यांदा बोलला. "म्हणजे धक्का मारून गाडी पळवली आपण. इंजिन बंदच होतं."

मी कप खाली ठेवला.

"अन् धक्का मारणारे आपण दोघं," तो म्हणाला. त्यानंतर त्याने मला कधीच काही ऐकवलं नाही. त्या संध्याकाळी अंगणात उभं राहून तो शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "अम्मी, नसीम में कुछ नहीं है. मेरे में है." अम्मींनी विश्वास ठेवला नाही. बायकोला वाचवायला बोलतो, असं त्या म्हणाल्या.

सुया थांबल्या आणि तो अंगाने उतरत गेला. तीन महिन्यांनी शून्य. सहा महिन्यांनी शून्य. भर दुपारी तो टायरवर बसून राहायचा. "थकून राह्यलो यार, विनाकारण." मधल्या काळात असं होईल, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. जॅक नीट बसवला गेला नाही, याचा त्या थकव्याशी संबंध होता का? मी पोलिसांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं. होता म्हणायला पुरावा नाही. नव्हता म्हणायलाही नाही.

सुया थांबल्यानंतरचा तिसरा नमुना त्याने नवव्या महिन्यात, अपघाताच्या आदल्या दिवशी, सोमवारी वणीतल्याच लॅबमध्ये दिला. मला म्हणाला, "रिपोर्ट तूच आण. सुया तूच आणल्या, हेही तूच आण."

"अन् शून्य आला तं?"

"तं आणखी तीन महिने. मी कुठं जाऊन राह्यलो?"

रिपोर्ट बुधवारी मिळणार होता. दफन मंगळवारी संध्याकाळी झालं. लॅबवरून मी रोज जात होतो, आत गेलो नाही… चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर भाभीने निरोप पाठवला, तो कागद आणा. येताना गॅरेजमधून त्याचं सामानही आणा.

मी लिफाफा घेतला. फळीवरच्या कुप्या छर्ऱ्यांसकट खोक्यात भरल्या आणि घरी गेलो. नवरा गेल्यावरची इद्दत पाळत असल्याने भाभी पडद्याआड होती. अम्मी पलंगावर बसल्या होत्या. खोकं त्यांच्या पायाशी ठेवलं तेव्हा कुप्या एकमेकींवर वाजल्या. अम्मींनी एक उचलली, उजेडात धरली आणि परत ठेवली.

"इंग्रजीत असेल," पडद्याआडून भाभी म्हणाली. "वाचून सांगा, भाऊ. अम्मींना ऐकू जाईल असं वाचा."

मी लिफाफा फोडला आणि मराठीत वाचलं. नाव, सलीम. वय, एक्केचाळीस. नमुना सोमवारी सकाळी अकरा वाजता घेतला. शुक्राणू आढळले. संख्या कमी. हालचाल आहे.