पाचवा हार

डिसेंबर २००३, रविवार. सकाळपासून हार करत बसले होते. निशिगंध, मध्ये गुलाब. संध्याकाळी संगीत मंडळाच्या हॉलमध्ये फोटोंच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. फोटो माझे होते. हारही माझेच, कारण मंडळाला फुलं आमच्या मखमलाबादच्या मळ्यातून जात.

ताईंनी फोनवर पाच हार सांगितले होते. ताई म्हणजे मंडळाच्या सचिव, गाण्याचा क्लास घेणाऱ्या. मी मनात माणसं मोजली. पाहुणे सतारवादक, मंडळाचे अध्यक्ष, नगरसेवक, स्वतः ताई. पाचवा कोणाचा हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आपल्याच हाराबद्दल आपण कसं विचारायचं? तो हार मी जरा बारीक केला, गुलाब कमी घातले. स्वतःच्या हारात कोण फुलं ओतणार.

टोपली घेऊन पोचले तर ताईंनी तबक हातात दिलं.

"बरं झालं वेळेवर आलीस. तू तबक धर, मी नावं पुकारते."

मी धरलं. मला वाटलं, शेवटी माझं नाव येईल तेव्हा तबक कोणीतरी घेईल. पाचवं नाव फ्रेमांचा खर्च देणाऱ्या बिल्डरचं निघालं. त्यांनी हार गळ्यात घेतला आणि लगेच काढला.

"आमच्या वाट्याला वाळलेला आला वाटतं," ते म्हणाले.

लोक हसले.

मग पाहुणे फोटो बघत फिरले. एका फोटोपाशी थांबले. तबलजी आणि गायिका एकमेकांकडे बघून हसतात, तो. "हे कोणी काढलेत?" त्यांनी विचारलं.

"आमच्या मंडळाचा संग्रह आहे," ताई म्हणाल्या. "सगळ्यांनी मिळून जमवलाय."

मी तिथेच होते, रिकामं तबक घेऊन. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा ताई म्हणाल्या, "ही आमची फुलवाली. हार फार सुरेख करते."

प्रत्येक फोटोखाली पट्टी होती. कलाकाराचं नाव, राग, साल. त्याखाली, 'मंडळाच्या संग्रहातून'. मी पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत चालत गेले. माझं नाव कुठेही नव्हतं.

मंडळात मी ब्याण्णव साली पहिल्यांदा गेले ते हार पोचवायला. गाणं सुरू झालं आणि मी दाराशी थांबले. मला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण निघवेना. पुढच्या वर्षी निफाडच्या मावसभावाचा जुना कॅमेरा घेतला. तो लग्नाचे फोटो काढायचा, त्याने नवा घेतला होता. ताईंनी काढू दिलं. अट एकच, फ्लॅश नको. पहिल्याच मैफलीत आलापाच्या मधोमध माझं बटण वाजलं आणि तबलजींनी असं बघितलं की मी कॅमेरा पदराखाली घेतला. तेव्हापासून समेची वाट पाहायला शिकले. समेवर लोक 'वाह' म्हणतात, त्या आवाजात बटण दाबायचं. चुकत चुकत सम आधी कळायला लागली. गाणं मी असं शिकले.

घरी चेष्टा व्हायची. जाऊ म्हणायची, "फोटोवाल्या बाई, आमच्या कोथिंबिरीचा पण काढा एखादा. ती हालत नाय, बोलत नाय." मी तोही काढला. चांगला आला.

पेपरच्या पुरवणीत माझा पहिला फोटो छापून आला तेव्हा खाली मंडळाचं नाव होतं. ताई म्हणाल्या, "पेपरवाल्यांचा घोळ गं." मला पटलं. मग स्मरणिका निघाली. मुखपृष्ठावर माझा फोटो, आत आभाराच्या यादीत मांडववाल्यानंतर 'फुले' म्हणून आमचं आडनाव. छापणाऱ्याची चूक असेल, मी म्हटलं. ताई म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुझं एकटीचं प्रदर्शन करू. निगेटिव्ह आणून दे सगळ्या." मी दिल्या. स्टीलच्या डब्यात, कार्यक्रमाप्रमाणे लावून. पोचपावती मागितली नाही. ताईंकडे कोण मागणार?

उद्घाटन संपल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं.

"ताई, माझं नाव?"

"अगं, तू घरचीच. घरच्यांची नावं लावत बसतं का कोणी?"

घरची. मैफल झाली की कलाकार ताईंकडे जेवायला असत. मी त्या पंगतीचे फोटो काढले आहेत. वाढणाऱ्यांचे, जेवणाऱ्यांचे. अकरा वर्षांत माझं पान कधी मांडलं गेलं नाही. फोटो झाले की, "उशीर होईल गं तुला, नीघ आता."

"तुम्ही कबूल केलं होतं," मी म्हणाले.

"हे बघ, खरं सांगू? पाहुणे विचारतात, कोण, कुठे शिकली, गुरू कोण. काय सांगायचं आम्ही? भाजीपाल्याच्या मळ्यातली आहे?"

त्या रागावल्या नव्हत्या. समजावत होत्या, क्लासमधल्या मुलींना समजावतात तशा. एवढी वर्षं हाच आवाज मी माया समजत होते. पेपरवाल्यांचा घोळ नव्हता. छापणाऱ्याची चूक नव्हती. दर वेळी त्यांनी ठरवून माझं नाव काढलं होतं आणि दर वेळी मीच त्यांच्यासाठी कारण शोधलं होतं.

घरी आले, भाकऱ्या केल्या, झोपले. झोप लागली.

सकाळी फुलांची डिलिव्हरी जाऊबाईंवर सोपवली. मेनरोडच्या स्टेशनरीच्या दुकानातून जाड काळा मार्कर घेतला, पुसला न जाणारा. हॉल उघडताना शिपाई म्हणाला, "मॅडम अजून आल्या नाहीत, बाई."

"माझं त्यांच्याकडे काम नाही."

फोटोंना काच नव्हती. मी पहिल्या फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, पट्टीवर नाही, फोटोवरच, माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव, आडनावासकट. मग दुसऱ्यावर. अक्षर माझं बरं आहे. शिपाई जवळ आला, वाचलं, आणि दुसऱ्या भिंतीसाठी स्टूल आणून ठेवलं.

निम्मे झाले असतील तेव्हा ताई आल्या.

"काय चालवलंयस हे? सगळे प्रिंट खराब केलेस."

मी लिहीत राहिले.

"हे प्रिंट मंडळाचे आहेत. आणि निगेटिव्ह माझ्या कपाटात आहेत, विसरू नकोस."

"नाही विसरले," मी म्हणाले. "इथलं झालं की तुमच्याकडेच येते. डबा काढून ठेवा."

मी स्टूल सरकवलं आणि पुढच्या फोटोवर लिहायला घेतलं.