घराबाहेरचा विमा

लग्नातल्या फोटोवाल्याला मार बसतो हे लोकांना खरं वाटत नाही. फोटोवाली असेल तर बसतोच. राजनांदगावच्या एका वरातीत नवरदेवाच्या झिंगलेल्या मामानं माझ्या गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा धरून मला ओढलं, का तर मी त्याचा नाच सोडून नवरदेवाचे फोटो काढत होते. पट्टा चांगला होता, तो तुटला नाही, म्हणून माझी मान सोलली. मी कोपर मागे हाणलं ते बरोबर त्याच्या नाकावर बसलं, आणि मग बँडवाले मध्ये पडले. दुसऱ्या एका लग्नात रसगुल्ले संपले या कारणावरून दोन्हीकडच्या पाहुण्यांनी एकमेकांवर लोखंडी खुर्च्या फेकल्या. त्यातली एक माझ्या लाइटवर आली. घरी येऊन वेणी सोडली तर केसांतून काचा निघाल्या.

त्यानंतर मी विमा घ्यायला गेले. माझ्यासाठी नाही, कॅमेऱ्यासाठी. माझी कातडी आपोआप भरून येते, लेन्स येत नाही.

सिविक सेंटरला एका कपड्याच्या दुकानावर विमा एजंटचं ऑफिस होतं. माणूस नागपूरकडच्या रेल्वेवाल्यांच्या घरातला. माझ्या आडनावावरून त्यानं मी मराठी हे ओळखलं आणि हिंदी तिथेच सोडून दिली.

"लग्नात फोटो काढणारी बाई मी पहिल्यांदाच पाहून राहिलो, ताई," तो म्हणाला आणि मला खुर्ची दिली. मग त्यानं नीट समजावून सांगितलं. "हे पाहा, दोन भाग आहेत. एक घरातलं कव्हर, एक बाहेरचं. घरातल्यात आग, पाणी, भूकंप, घरफोडी. पण घरफोडी म्हणजे कुलूप तोडलेलं पायजे, दरवाजावर मारल्याची खूण पायजे. उघड्या दारातून कोणी उचलून नेला तर कंपनी हात वर करते. बाहेरच्यात प्रवास, पडणं, फुटणं, हिसकावणं. फक्त गाडीत सोडून गेल्या आन् चोरी गेला, तर नाई."

"दोन्ही घ्यायलाच पाहिजेत का?"

"तुमच्यावर आहे. तुमाले भीती कुठची जास्त?"

"बाहेरची."

"घराचं बी घेऊन टाका. फरक थोडासाच पडते."

"घरात माणसं असतात," मी म्हटलं. "घराला कशाला विमा?"

हे मी अगदी मनापासून म्हटलं होतं. नवरा माझ्यावर हात उचलायचा, तेव्हाही उचलायचा. पण कॅमेऱ्याला त्यानं कधी बोट लावलं नव्हतं. उलट मी बाहेरून आले की बॅग तोच हातातून घ्यायचा आणि कपाटावर नीट ठेवायचा. मग दार लावून घ्यायचा आणि विचारायचा, इतका उशीर कावून झाला. उत्तर कुठलंही दिलं तरी हिशेब तोच. त्यामुळे माझ्या डोक्यात एक पक्कं बसलं होतं, की घरात कॅमेरा सुरक्षित आहे. माझं काय ते माझं मी पाहून घेईन. बाहेर मारणारे अनोळखी होते आणि ते वस्तू पाहून मारायचे, घरचा मारणारा ओळखीचा होता आणि माणूस पाहून मारायचा. मी फक्त बाहेरचं कव्हर घेतलं.

स्मृति नगरातलं आमचं घर सासऱ्यांनी रिटायरमेंटच्या पैशांतून बांधलेलं. ते पोलादाच्या प्लांटमध्ये फिटर होते. मी लग्न होऊन आले तेव्हा ते गेलेले होते, पण त्यांचा हातोडा घरात होता. खंडेनवमीला तो घासूनपुसून पाटावर मांडायचा, शेजारी नवऱ्याचं हेल्मेट आणि पाना, सासूचा विळा, आणि फोटोचं काम धरल्यापासून माझा कॅमेरा आणि त्याचं सामान. हळद-कुंकू, झेंडूची माळ, तेलाचा दिवा. भंडाऱ्याकडून इथे येऊन दोन पिढ्या झाल्या तरी एक नेम कोणी मोडला नव्हता. नवमीला पूजेत ठेवलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोणी उचलायचं नाही. सासू या बाबतीत फारच कडक. विळा पूजेत असायचा म्हणून ती त्या दिवशी भाजी हातानं मोडून करायची.

मला हा दिवस आवडायचा. वर्षातला तो एक दिवस असा, की कॅमेरा उघड्या दारात, सगळ्यांच्या नजरेसमोर असायचा आणि मला त्याची काळजी नसायची.

त्या नवमीला मी पूजा करून दुर्गला गेले. गोंदियाच्या एका लग्नाचं काम आलं होतं, मुलीची आई दुर्गला आली होती, तिला भेटायचं होतं. लग्नासाठी दोन रात्री गोंदियाला राहावं लागणार होतं. नवऱ्यानं नाही म्हटलं होतं, आणि नाही म्हणून झाल्यावर माझा दंड पिळून पुन्हा एकदा म्हटलं होतं. तरी मी गेले. काम मोठं होतं, नागपूरच्या बाजूला ओळख झाली असती. खरं सांगायचं तर मला तिथे जायचंच होतं. दोन रात्री कोणी माझं दार लावणार नव्हतं.

दुपारी परत आले तेव्हा दार उघडं होतं आणि तो पूजेपुढे मांडी घालून बसला होता. मला वाटलं, पूजा करतोय.

"काम घेतलं?" त्यानं विचारलं.

"घेतलं."

त्यानं पाटावरचा हातोडा उचलला. मी दोन्ही हात डोक्यावर धरले. ती माझी सवय होती, हात आपोआप वर जायचे. पण घाव माझ्यावर आला नाही. पहिला घाव लेन्सच्या तोंडावर बसला आणि काच आत गेली. दुसरा कॅमेऱ्यावर, जिथे लेन्स अडकते त्या कड्यावर, आणि कडं वाकडं झालं. तो घाई करत नव्हता. एका हातानं कॅमेरा पाटावर दाबून धरत होता आणि दुसऱ्या हातानं मारत होता, सुतार खिळा मारतो तसा. झेंडूच्या पाकळ्या शटरच्या पात्यात अडकल्या. कुंकू सगळीकडे उडालं. दिवा कलंडला आणि तेल भिंतीपर्यंत गेलं.

"आता जा गोंदियाले," तो म्हणाला.

कॅमेरा टेकवायचा माझा एका पायाचा स्टँड पाटावर मावत नव्हता म्हणून दाराआड उभा होता. मी तो उचलला आणि त्याच्या मनगटावर हाणला. हाड वाजलेलं मला ऐकू आलं. हातोडा खाली पडला. त्यानं डाव्या हाताची मूठ माझ्या तोंडावर मारली, ओठ दातावर फाटला आणि तोंडात रक्ताची गरम चव आली. मी पुन्हा हाणला, गुडघ्यावर. तो बसला. "तू," मी म्हटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला तू म्हटलं, "तू उठून दाखव." तो उठला नाही. मला तेव्हा फार बरं वाटलं. ते मी लपवणार नाही, आजही आठवलं की बरं वाटतं.

सासू स्वयंपाकघरातून आली, हाताला कणीक तशीच. तिनं माझं तोंड पाहिलं, मुलाचं मनगट पाहिलं, फुटलेला कॅमेरा पाहिला. मग तिची नजर खाली पडलेल्या हातोड्यावर गेली आणि ती तिथेच मटकन बसली.

"नवमीचं हत्यार कावून उचललं रे?" ती त्याला म्हणाली. "वर्षभर बाधते, मालूम नाई तुले?"

मी पाटाखालचं लाल कापड ओढलं, कॅमेऱ्याचे तुकडे त्यात बांधले. छोटी लेन्स आणि फ्लॅश माळेखाली शाबूत होते, कपाटात जुना कॅमेरा होता, ते बॅगेत टाकले आणि ऑटो पकडून दुर्गला मावशीकडे गेले. जुन्या बाजारात तिच्या घरावर एक खोली रिकामी होती, स्वतंत्र जिना असलेली. मावशीनं किल्ली दिली आणि ओठाला हळद लावली, बाकी काही विचारलं नाही.

दसरा झाल्यावर मी सिविक सेंटरला गेले. लग्नाचा सीजन तोंडावर होता आणि जुन्या कॅमेऱ्यावर सगळी कामं निभणार नव्हती. नवा आला नाही तर गोंदियाचंच नाही, पुढचंही सगळं हातातून जाणार होतं, आणि मग मला परत त्याच दारातून आत जावं लागलं असतं. विम्याचे पैसे मिळाले तर जावं लागणार नव्हतं. इतकं सरळ होतं ते.

एजंटनं गाठोडं सोडलं, तुकडे पाहिले आणि मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"ओठाले काय झालं, ताई?"

"बाथरूममध्ये पडले."

हे उत्तर माझ्या तोंडून विचार न करताच आलं. इतक्या वर्षांचा सराव होता.

त्यानं मान हलवली. कॅमेरा उलटा करून त्यावरच्या गोल खाचांवरून बोट फिरवलं. "हे पडल्याचे निशाण नाई," तो हळूच म्हणाला. "पण लिहाले काय जाते. दुर्गच्या प्लॅटफॉर्मवर गर्दीचा धक्का लागला, कॅमेरा पडला. बाहेरचं कव्हर आहे तुमचं, मी वर बोलून घेतो. पैसे भेटून जातीन. नवा घेऊन टाका."

तो माझ्या भल्याचंच सांगत होता. त्यानं पेन माझ्यापुढे केलं, मी घेतलं. 'गर्दीत धक्का लागून' इथपर्यंत लिहिलं. पुढचा शब्द 'पडला'. तो लिहायला मी पेन टेकवलं आणि हात पुढे जाईना.

मी बाथरूममध्ये पडले होते. जिन्यावरून पडले होते. स्कूटीवरून पडले होते, एकदा तर उंबऱ्याला अडखळून. शेजारी, डॉक्टर, माझी आई, सगळ्यांनी ते ऐकून घेतलं होतं, आत्ता या माणसानं घेतलं तसंच, मान हलवून. त्या घरात सगळं पडतच होतं. कोणी कधी मारलंच नव्हतं. आता कॅमेराही पडणार होता, आणि तोसुद्धा माझ्याच अक्षरात.

"मी पडले नाही," मी म्हटलं. आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. बाजूच्या टेबलावरच्या लोकांनी वळून पाहिलं. "हा पण पडला नाही. नवऱ्यानं फोडला, घरात, हातोड्यानं. माझं तोंडही त्यानंच फोडलं. आजचं नाही, पहिल्यापासून मारतो. मी इथून पोलीस ठाण्यात चालले आहे, तिथेही हेच सांगणार."

हे मी कोणाला तरी पहिल्यांदाच सांगत होते, आणि तेही एका विमा एजंटला.

त्यानं अर्धवट लिहिलेला फॉर्म माझ्याकडून घेतला आणि फाडला. "मग काही नाई भेटणार, ताई," तो म्हणाला. "घरच्या माणसानं जाणूनबुजून फोडलं, तर घराचं कव्हर असतं तरी नसतं भेटलं."

"नको."

मी बॅगेतून जुना कॅमेरा, छोटी लेन्स, फ्लॅश काढून त्याच्यापुढे ठेवले. काम यांच्यावरच ओढायचं होतं आता. "यांचं करा," मी म्हटलं. "बाहेरचं करा आणि या वेळी घरातलंही करा."

त्यानं नवा फॉर्म घेतला. सामान कुठे ठेवणार, असं विचारलं. मी मावशीच्या घरावरच्या खोलीचा पत्ता सांगितला, तो त्यानं सावकाश लिहिला.

"तिथं कोणकोण राहते?"

"मी. एकटी."

"दुसरं कोणी येतं-जातं? किल्ली कोणाकडे?"

"नाही. किल्ली माझ्याकडेच."

"मग घरात धोका काहीच नाई," तो म्हणाला. त्यानं ते मान खाली घालून, रकाना भरता भरता म्हटलं. मार खाताना मी कधी रडले नव्हते, ठाण्यातही पुढे रडले नाही. त्या खुर्चीत मात्र मला रडू फुटलं, आणि माझं होईपर्यंत तो पेन खाली ठेवून थांबला.