बाबांचे कान स्मशानाच्या वाटेला

आमच्या बाबांचे कान एकदा बाबांना घरीच ठेवून स्मशानाच्या वाटेनं निघून गेले होते. कुठवर पोचले, ते मला मोबाइलवर दिसत होतं.

(तुम्ही घाबरू नका. मी घाबरलो तेवढं सगळ्यांना पुरून उरेल.)

तेल्हाऱ्याजवळच्या गावात आमचं घर आणि थोडी काळी जमीन. त्यात कापूस, आणि विहिरीजवळ झेंडू-शेवंती. फुलांचं सगळं माझी धाकटी बहीण कल्याणी बघते. तोडण्यापासून अकोल्याच्या बाजारात पोचवण्यापर्यंत. मी अकोल्यात एका कचेरीत संगणकापुढं बसतो, त्यामुळं गावात माझी गणना शास्त्रज्ञांत होते. कोणाचा मोबाइल अडला, कोणाचा टीव्ही मुका झाला, की लोक म्हणतात, "गजूले येऊ द्या." मी येतो, ती वस्तू बंद करून पुन्हा चालू करतो आणि चहा पिऊन जातो. एवढ्या भांडवलावर मी बरीच वर्षं निभावून नेलं.

बाबांना अलीकडं ऐकू कमी येत होतं. मशीन लावायला मात्र तयार नाहीत. "मशीन म्हातारे लोकं लावतेत!" समोरचा काय बोलला ते कळलं नाही की ते प्रसन्न हसून मान हलवतात आणि "हो हो" म्हणतात. शेतीत हे खपून जातं, पण लग्न जुळवताना नाही. कल्याणीला पाहायला पहिले पाहुणे आले, त्यातल्या एका वडीलधाऱ्यानं हळूच विचारलं, "मुलीचं याच्याआधी कुठं जुळून मोडलं होतं काय?" बाबा हसले. "हो हो! आपल्या कृपेनं!"

पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. कल्याणी बाबांना एका शब्दानं बोलली नाही, पण बाबांना ते समजलंच. पुढच्या खेपेला अमरावतीचे पाहुणे आले, तेव्हा ते आपणहून उठले. "मी गोठ्यात बसतो. तुमी बोला," म्हणाले, आणि खरंच बैलांजवळ जाऊन बसले. पोरीच्या बापानं असं गोठ्यात लपून बसावं, हे मला फार लागलं. पाहुण्यांना मुलगी पसंत पडली आणि पुढची बोलणी ठरली. त्या बोलण्यांना बाबा बैठकीत बसले पाहिजेत, असं मी मनाशी पक्कं केलं.

मग मी अकोल्याहून बिनतारी इयरबड आणले. बाहेरचा आवाज मोठा करून कानात सोडणारे.

"बाबा, हे मशीन नाई. हे पोट्टे गाणे ऐकाले लावतेत."

"पोट्टे लावतेत ना? मंग दे."

त्यांनी ते कानात घातले, वरून दुपट्टा गुंडाळला आणि अंगणात बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "गजू, हे काय वाजून राह्यलं बे?"

"चिमण्या हायेत, बाबा."

"अजून हायेत काय?"

मी उठून उगाचच बैलांना पाणी दाखवून आलो.

अट एकच होती, कोणाला सांगायचं नाही. आईला तर मुळीच नाही. (आईला कळलं असतं तर गावाला कळलं असतं, आणि बाबा अधिकृतपणे म्हातारे झाले असते.)

बाबांची दुसरी ख्याती म्हणजे वस्तू हरवणे. चष्मा, विळा, आणि एकदा तर बैलबाजारातून आणताना बैल! म्हणून मी माझ्या मोबाइलवर त्या इयरबडचा ठावठिकाणा दिसेल अशी सोय लावून दिली. 'नाव द्या' असं आलं, तिथं मी 'बाबांचे कान' असं टाइप केलं. "आता हे कुठीबी गेले तरी नकाशावर ठिपका दिसते. डबीतून आवाजबी काढता येते. हरवूच शकत नाई!"

"कान कुठी जातीन बे?" असं म्हणून बाबांनी डबी दुपट्ट्याच्या कोपऱ्यात बांधली आणि दातानं गाठ आवळली. तंबाखूची पुडी, सुटे पैसे, मोटरीच्या खोलीची किल्ली, सगळं त्यांनी जन्मभर त्याच गाठीत सांभाळलं. गाठीतलं हरवत नाही, हा आमच्या घराण्याचा सिद्धांत आहे.

मी अकोल्याला गेलो आणि इकडं घरात भलतंच सुरू झालं. आई चुलीपाशी स्वतःशी पुटपुटली, "मीठ सरलं." अंगणाच्या पार टोकाहून आवाज आला, "उद्या आणतो!" आईच्या हातून झाकण पडलं. दुसऱ्या दिवशी सगळं सामसूम असताना बाबा म्हणाले, "कोनतरी येऊन राह्यलं." आईनं दारात जाऊन पाहिलं तर वाट रिकामी. आणि ती आत वळते न वळते तोच खरंच कोणीतरी आलं! भिंतीकडं तोंड करून बसलेले बाबा मधेच हसायचे. विचारलं तर म्हणायचे, "पाल बोलून राह्यली ना." ज्या माणसाला काल कानाशी ओरडलेलं कळत नव्हतं, तो आज पालीचं ऐकतो! एका संध्याकाळी तर ते शेजारच्या घरातल्या कुजबुजीला आपल्या ओट्यावरून उत्तर देऊन मोकळे झाले. आई त्या रात्री देवापाशीच झोपली.

बोलण्यांच्या आदल्या दिवशी मी गावी पोचलो, तेव्हा दिवेलागण होत होती. बाबा अंगणात खाटा उलट्या करत होते.

"कान गेले," ते म्हणाले. "दुपट्टाच नाई. खुंटीवर होता."

"काय झालं?" कल्याणी बाहेर आली. तिला सांगावंच लागलं. ऐकून ती बाबांकडं बघत राहिली, आणि तिचे डोळे भरले. "माह्यासाठी घातले होते?"

"हो हो," बाबा म्हणाले. (ऐकू काहीच आलं नव्हतं.)

मी मोठ्या रुबाबात मोबाइल काढला. ठिपका घरात नव्हता. गोठ्यात नव्हता. तो गावाबाहेर, स्मशानाकडं जाणाऱ्या वाटेवर होता. खाली लिहिलेलं होतं, 'बाबांचे कान: आत्ताच दिसले.' आणि आम्ही बघत असतानाच तो ठिपका टुणकन पुढं सरकला.

"दादा," कल्याणी हळूच म्हणाली, "या वक्ताले तिकडे कोन जाते?"

मी म्हणालो, वाटेनं कोणी मोबाइलवाला गेला की ठिपका नवा होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हे सांगताना माझा आवाज चिरकला.

एवढ्यात आई बाहेरून आली. मागं न बघता आली, कोणाशी न बोलता पायांवर पाणी घेतलं आणि सरळ आत गेली. "माय, बाबाचा दुपट्टा पाह्यला काय?" मी विचारलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, दमली असेल.

मी आणि बाबा निघालो. दोन्ही अंगांना कापूस फुटलेला. उजेड गेला तरी कापूस पांढरा दिसत राहतो. वारा आला की बोंडं हलतात आणि कोणीतरी माना वळवून आपल्याकडं बघतंय असं वाटतं. बाबांना काही ऐकू येत नव्हतं, आणि मला नको ते सगळं ऐकू येत होतं. पाचोळा वाजत होता. आम्ही थांबलो की तो थांबत होता.

"बाबा, मागून कोनी येऊन राह्यलं काय?"

"हो हो," बाबा म्हणाले.

मी आठवेल त्या देवाचं नाव घेत बाबांचा सदरा घट्ट धरला.

स्मशानाअलीकडच्या तिवाट्यावर एक जुनी चिंच आहे. नकाशाच्या हिशेबानं ठिपका अगदी आमच्या पायांखाली होता. पायांखाली नुसती माती. खाली वाकून पाहायची माझी छाती होईना. शेवटी मी डोळे मिटून 'आवाज वाजवा' दाबलं.

कापसातून बारीक आवाज आला. ट्यूं, ट्यूं, ट्यूं. गुडघ्याएवढ्या उंचीवरून. आणि तो आवाज चालायला लागला!

त्याच वेळी शेजारचे विठ्ठलकाका शेतावरून मोटरसायकलनं येत होते. त्यांनी काय पाहिलं? चिंचेखाली मी, खालून मोबाइलच्या उजेडात तोंड हिरवं पडलेलं, आणि काळोख्या कापसाकडं हात करून म्हणतोय, "ये, ये, भेऊ नको." (जे काय असेल त्याला गोडीनं घ्यावं, असा माझा बेत होता.) त्यात कापसातून "ट्यूं!" काकांनी मोटरसायकल तिथंच आडवी केली आणि पायी पळाले. मीही त्यांच्यामागं पळणार होतो, पण बाबांनीच माझी कॉलर धरली.

कापूस फाकला. दोन डोळे चमकले.

"अबे, हा तं आपला काळ्या!" बाबा म्हणाले.

आमचा कुत्रा शेपूट हलवत बाहेर आला. तोंडात गाठोडं. त्यानं ते आमच्यापुढं टाकलं, तशी त्यातून तेल लावलेली अर्धी भाकर, नारळ, कुंकवाचे तांदूळ आणि टाचण्या टोचलेलं लिंबू बाहेर आलं. मी एक उडी मागं मारली. उतारा! आणि बांधलेला होता बाबांच्या दुपट्ट्यात. त्याच्या कोपऱ्यातली गाठ अजून ट्यूं ट्यूं करत होती, कारण घाबरून मी आवाज बंद करायचंच विसरलो होतो.

बाबांनी वाकून तो दुपट्टा निरखला.

"तुया मायनं केलं," ते म्हणाले. "एकटी आली असन इथी. तिले अंधाराचं किती भेव वाटते."

मग प्रश्न आला, गाठ सोडायची कोणी? "ज्याच्या नावानं उतरवला, त्यानं हात नाई लावू," बाबा म्हणाले. "तू सोड. तू तं सायन्सवाला हायेस." गाठ अशी घट्ट की शेवटी सायन्सला दात लावावे लागले.

घरी येऊन सगळं कबूल केलं. आई आधी रडली, मग भडकली. "मले सांगतलं असतं तं! मी इकडे मरून राह्यली होती भेवानं!" मग तिनं बाबांच्या कानांकडं निरखून पाहिलं. "आता तुमाले ऐकू येते?"

"येते."

"सगळं?"

"चुलीपाशी बोलते तेबी."

आई जरा विचारात पडली आणि काही न बोलता स्वयंपाकाला लागली.

दुसऱ्या दिवशी बाबा नवा दुपट्टा कानांवरून गुंडाळून बैठकीच्या मधोमध बसले. बोलता बोलता मुलाच्या आजोबांनी खालच्या आवाजात विचारलं, "अमरावतीले आली की हे फुलाफुलाचं काम सुटन पोरीचं. चालन ना?"

सवयीनं आम्ही सगळे 'हो हो'ची वाट बघू लागलो. दाराआडून कल्याणी कान देऊन ऐकत होती.

"नाई," बाबा म्हणाले. "तिले फुलाचं समजते. ते सोडून पोरगी येनार नाई. तुमाले चालन काय?"

आजोबा गडबडले, पण मुलगाच पटकन बोलला, "चालन की. अमरावतीलेबी फुलं लागतेत." तिथंच साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख धरली. कल्याणी दाराआडून निघाली ती सरळ गोठ्यात जाऊन रडली. बाबा मला हळूच म्हणाले, "पोरगी रडून राह्यली. खुशीनं रडून राह्यली ना?" त्यांना ते तिथं बसून ऐकू येत होतं.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. पण संध्याकाळी आईनं मला गाठलं. "उताऱ्याले हात लावला ना तू? दात बी लावले?" ते आता माझ्यावर आलं, हे तिचं ठाम मत. मी शास्त्रज्ञ माणूस, हसून बाजूला व्हायला हवं होतं. पण सकाळपासून मलाही जरा कणकण वाटत होती. मी मुकाट्यानं पाटावर बसलो. तिनं ओवाळलं, खुंटीवरचा माझा शर्ट घेतला, त्यात सगळं बांधलं आणि निघून गेली.

शर्टाच्या खिशात मोबाइल होता.

मोबाइलवरून बाबांचे कान सापडतात. मोबाइल कशावरून शोधायचा, ती सोय मी लावलीच नव्हती! मी कपाळाला हात लावून बसलो, तेव्हा बाबांनी शांतपणे डबी उघडली आणि कान घातले. "चाल. तुया फोन जवळ आला का याच्यात टुंग वाजते."

पुन्हा तीच वाट, तोच कापूस, तोच पाचोळा. या खेपेला बाबा पुढं आणि त्यांच्या सदऱ्याला धरून गावाचा शास्त्रज्ञ मागं.

"बाबा," मी म्हणालो, "मागून कोनी येऊन राह्यलं काय?"

बाबा थांबले. आज त्यांना ऐकू येत होतं. मान कलती करून त्यांनी नीट कानोसा घेतला.

"कोनी नाई बे," ते म्हणाले. "तुयेच दात वाजून राह्यले."