बिननावाचं मत

परवा नातीच्या फाटक्या पुस्तकाला पिठाची खळ लावत होते. खळीचा आंबूस वास आला आणि जिथली पुस्तकं अशाच खळीने चिकटवलेली असत, त्या आसेगावच्या वाचनालयात मी एकदम जाऊन उभी राहिले. सत्तरच्या दशकातली गोष्ट, मी सोळा वर्षांची.

तेव्हा एका अद्भुत कादंबरीने गावाला वेड लावलं होतं. राक्षसांना मारणारा शूर नायक स्वतःच राक्षसिणीच्या पोटचा निघतो, अशी ती गोष्ट. शेवटच्या कोऱ्या पानावर वाचक आपली मतं लिहीत. ‘असल्या रक्ताचा नायक नको,’ असं कुणीतरी लिहिलं होतं आणि खाली पाच-सहा सह्या होत्या. मी त्याखाली लिहिलं, ‘जन्म त्याने निवडला नव्हता.’ नाव मात्र घातलं नाही. आमचं घर बौद्ध, आणि वस्तीतून तिथे जाणारी मी एकटीच.

दुसऱ्या दिवशी वाचनालय सांभाळणाऱ्या गुरुजींनी सगळ्यांसमोर ते पान उघडलं.

“हे कोनं लिवलं?”

सगळे वळून बघू लागले. आता पुस्तकं बंद, गावातल्यांच्या शेतावरचं बाबांचं कामही जाणार, असं वाटलं.

“मी,” कसंबसं म्हणाले.

“मंग नाव काहून नाही टाकलं? लिव खाली.”

आडनावासकट नाव लिहिलं आणि घरी पळाले. आठ दिवस तिकडे फिरकले नाही. नवव्या दिवशी गुरुजीच दारात उभे.

“दुसरा भाग आला. पह्यले तू वाच. लोकं तुया मतावर भांडून राह्यले.”

ते रागावलेच नव्हते, हे आज कळतं. तेव्हा मात्र पुस्तक मी उंबऱ्याच्या आतूनच घेतलं.