शनिवारी झाकलेली भिंत

मोताळा तालुक्यातल्या खेड्यातून मी खामगावला शिकायला आले. घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली. इंग्रजीची फार भीती वाटायची. ती घालवली मी राहते त्या गल्लीतल्या एका निवृत्त बाईंनी. त्या कोकणातल्या, मराठी बोलणाऱ्या ज्यू. यजमान रेल्वेत होते म्हणून इकडे आल्या आणि ते गेल्यावरही इथेच राहिल्या. संध्याकाळी आम्हा मुलींना ओट्यावर बसवून शिकवायच्या.

दूरच्या एका युद्धाचे मेसेज तेव्हा मोबाइलवर फिरत होते. एका शुक्रवारी सकाळी बाईंच्या पांढऱ्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं दिसलं, 'यहुदी चालते व्हा.' बाईंनी ठाण्याच्या भाच्याला फोन केला. तो रविवारी गाडी घेऊन येणार आणि त्यांना कायमचं घेऊन जाणार, असं ठरलं.

मी बौद्ध घरातली. अशा शब्दांनी घरातलं माणूस कसं गप्प होतं, हे मी पाहिलेलं आहे. पण काय करावं, सुचेना. मी माझ्या मैत्रिणीकडे गेले. ती मुसलमान, तिची अम्मी शिवणकाम करते. हे यांनीच लिहिलं असणार, असं गल्लीतले काहीजण त्यांच्याचकडे बोट दाखवून कुजबुजत होते. तरी अम्मी म्हणाली, "उद्या सकाळीच चुना लावून टाकू."

शनिवारी आम्ही तिघी बादली आणि ब्रश घेऊन गेलो. बाई दारात आल्या. "आज शब्बाथ आहे गं. आज माझ्या घरी काम नाही. तुमच्या हातूनही नको."

शनिवारी शिकवणी नसते हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं, तरी चुना कालवताना एकीच्याही लक्षात आलं नाही.

"मंग दिवसभर हे असंच राहू द्याचं?" मी विचारलं.

अम्मीनं बादली बाजूला ठेवली. "बसाले तं मनाई नाही ना, बाई?"

"बसा की."

ती ओट्यावर बसली आणि तिनं सरळ त्या अक्षरांना पाठ टेकली. "या वो पोरीहो. सरकून बसा, 'चालते' अजून दिसून राह्यलं."

थोड्या वेळानं समोरचे काका गॅलरीतून ओरडले, "काऊन वो, संप हाय का?"

"नाही काका, शनिवार हाय!" मैत्रीण म्हणाली.

काका खाली आले. आमच्या खांद्यांवरून डोकावणारं 'व्हा' त्यांनी वाचलं, परत गेले आणि खुर्ची घेऊन आले. "माही पाठ रुंद हाय. अख्खा शब्द झाकतो."

"पोटानं झाकलं तं पुरी भिंत झाकान," अम्मी म्हणाली. आत बाई हसल्याचं ऐकू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

आम्ही आळीपाळीनं जेवून आलो, पण भिंत उघडी पडू दिली नाही. संध्याकाळपर्यंत निम्मा कोळसा माझ्या ओढणीवर उतरला होता.

आकाशात तारे दिसले, शब्बाथ संपला, तेव्हा बाईंनी दिवा लावला आणि मोबाइल सुरू केला. लगेच भाच्याचा फोन आला. किती वाजता निघू, असं तो विचारत असावा.

"ये ना," बाई म्हणाल्या. "पण जुने कपडे घालून ये. उद्या भिंत रंगवायची आहे. आणि परत जाताना तू एकटाच जाशील."